अक्षरामागचा अंक

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलेली एखादी मराठी फाइल एचटीएमएल स्वरूपात आणून संकेतस्थळावर ठेवावी, या हेतूने उघडावी, तो पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसावी, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. फाइल बिघडली, असा समज होतो. वास्तविक बहुधा ती बिघडलेली नसते; चुकीच्या कोष्टकाने वाचली गेलेली असते.

संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे कोष्टकावरून ठरते. १९९१ साली प्रमाण ठरलेल्या ‘इस्की’ या भारतीय कोष्टकात ‘मराठी’ हा शब्द पाच बाइटांत मावतो. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत त्यालाच पंधरा बाइट लागतात. अनेक छापखान्यांनी मात्र रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट वापरले.

खरी गुंतागुंत आहे ती येथे. खिळे जुळवावेत तसे हे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने मांडलेले असतात. ‘किरण’मधील पहिली वेलांटी तेथे ‘क’च्या आधी येते, युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे ‘क’च्या नंतर हवी. ‘सूर्य’मधील रफार तेथे ‘य’च्या मागून येतो; युनिकोडात ‘र’ आधी. म्हणजे अंकाच्या जागी अंक घालून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. त्यात रूपांतर करणाऱ्याने रफार आणि ‘ऱ्य’ यांची गल्लत केली, की ‘आचाऱ्यांना’ दिलेला शिधा ‘आचार्यांना’ पोहोचतो! असली चूक यंत्राला दिसत नाही. मुद्रिते वाचणारा माणूसच लागतो.

पुढचे काम त्या मानाने सोपे. मजकुरातील ‘&’ आणि ‘<’ या चिन्हांना एचटीएमएलमध्ये विशेष अर्थ असल्यामुळे त्यांच्या जागी ठरलेले संकेत घालावेत; त्यांतही ‘&’ प्रथम, कारण त्या संकेतांचा आरंभच ‘&’ने होतो. फाइल युटीएफ-८मध्ये जतन करावी आणि तशी घोषणा पृष्ठाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत करावी. ती नसल्यास ब्राउझर तर्क करतो, आणि तो चुकला तर एकेका देवनागरी अक्षराची तीन-तीन परकी चिन्हे होतात. तरीही आतले अंक शाबूत असतात.

नाश होतो तो जतन करताना. देवनागरीला जागाच नसलेल्या कोष्टकात मजकूर जतन झाला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. ‘क’ असो वा ‘ज्ञ’चा एखादा घटक, सर्वांचा अंक एकच, ६३. तेथून मूळ शब्द कोणत्याही युक्तीने परत येत नाही. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवरच काम करावे. आणि ती ज्याने टंकली तो मनुष्य भेटण्यासारखा असेल, तर फॉन्ट कोणता होता, हे त्यालाच आधी विचारून घ्यावे.