तेवीस महिन्यांचे प्रजासत्ताक

(हीरक महोत्सवाच्या सांगता समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा गौरव आज अनेक वक्त्यांनी केला. मी आपणांस अवघे तेवीस महिने टिकलेल्या एका राज्याची हकिकत सांगणार आहे.

रशियन साम्राज्य कोसळले होते आणि पहिले महायुद्ध अजून संपले नव्हते. अशा वेळी, २८ मे १९१८ रोजी, तिफ्लिस येथे जमलेल्या राष्ट्रीय परिषदेने अझरबैजानचे स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले. परिषदेचे अध्यक्ष महम्मद अमीन रसूलजादे हे पत्रकार होते. पहिले पंतप्रधान फतअली खान खोयस्की हे कायद्याचे पदवीधर. बाकू शहर तेव्हा त्यांच्या ताब्यातही नव्हते. ते सप्टेंबरात ऑटोमन सैन्याच्या साहाय्याने मिळाले, आणि त्या एका वर्षात त्या शहराने मुसलमान व आर्मेनियन या दोन्ही समाजांच्या कत्तली पाहिल्या.

७ डिसेंबर १९१८ रोजी बाकूत संसदेचे पहिले अधिवेशन भरले, ते मुलींच्या एका शाळेच्या इमारतीत! तेल-उद्योजक हाजी तागीयेव यांनी ती शाळा १९०१ मध्ये सुरू केली होती. या प्रजासत्ताकाने स्त्रियांना मताधिकार दिला. फ्रान्समधील स्त्रियांना तो १९४४ मध्ये मिळाला.

सीमेवर संघर्ष चालू असतानाही या नेत्यांनी प्राथमिक शाळांत मातृभाषेतून शिक्षणाचे धोरण स्वीकारले. शिक्षणखाते सांभाळलेले नसीब बेग युसुफबेयली पंतप्रधान असताना, १९१९ मध्ये, बाकू विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी शंभर विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने युरोपात शिकण्यास पाठविण्याचा निर्णय संसदेने घेतला.

एप्रिल १९२० मध्ये लाल सेना बाकूत शिरली आणि प्रजासत्ताक संपले. खोयस्की व युसुफबेयली त्याच वर्षी मारले गेले. रसूलजादे यांना परागंदा व्हावे लागले. १९५५ मध्ये अंकारा येथे त्यांचा देहान्त झाला. विद्यापीठ मात्र राहिले. मध्यंतरी काही वर्षे बंद पडूनही ते पुन्हा उघडले आणि आजही चालू आहे. १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या अझरबैजानने स्वतःला १९१८ च्या प्रजासत्ताकाचा वारस म्हणून जाहीर केले.

पालक मला विचारतात, “बाई, या परप्रांतात मराठी शाळा आणखी किती वर्षे चालणार?” पटसंख्येची हमी मी देऊ शकत नाही. बाकूच्या त्या नेत्यांनाही कोणी हमी दिलेली नव्हती. हाती असलेल्या दिवसांत त्यांनी वर्ग उघडले, शिक्षक नेमले, मुलांना शिकवण्याची सोय केली. आपल्या हातीही तेवढेच आहे. माजी विद्यार्थ्यांनो, येत्या सत्रात पहिलीच्या हजेरीपटावर आपल्या मुला-नातवंडांची नावे लिहिण्याची संधी मला द्या. एकसष्टाव्या वर्षाचा आरंभ त्या नावांनीच व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.