रुग्णालयांची चढाओढ आणि रुग्णाचा खिसा



बाजारात शेळी घ्यावयाची झाली तर आपण तिचे दात पाहतो, कास चाचपतो, चार ठिकाणी भाव विचारतो. उस्मानाबादी शेळीची पारख या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. परंतु रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ आली म्हणजे हाच चोखंदळ गृहस्थ निमूटपणे सोलापूरच्या अथवा लातूरच्या वाटेला लागतो. रुग्णालय कोणते, हे बहुधा तो ठरवीत नाही. चिठ्ठी ज्या नावाची, तिकडे गाडी वळते. मग दुकाने वाढली की माल स्वस्त होतो, हा नियम येथे कसा चालावा?

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवितात त्या स्टेंटचेच पाहा. बनविणाऱ्या कंपन्या पुष्कळ, बसविणारी रुग्णालये पुष्कळ. तरी औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटला लाखाच्या वर रुपये पडत. कारण कंपनीचे खरे गिऱ्हाईक रुग्ण नव्हे, रुग्णालय! छापील किंमत जितकी मोठी तितकी रुग्णालयाची कमाई मोठी. म्हणून चढाओढ झाली ती भाव चढविण्याची. अखेर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने कमाल किंमत २९,६०० रुपये, व साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविली. भाव उतरला तो हुकुमाने, स्पर्धेने नव्हे. चिठ्ठीमागच्या ‘कट’ला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदाही आपल्या राज्यात त्याच वर्षी झाला. तो मसुदाच राहिला.

स्पर्धा सर्वस्वी वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडात १९९१ नंतर सरकारी रुग्णालयांना दराच्या स्पर्धेत उतरविले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब तपासले, तेव्हा स्पर्धा तीव्र होती तेथे रुग्णांचे ताटकळणे कमी झालेले, पण हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले. प्रतीक्षायादी लोकांना दिसत होती, मृत्यूचा आकडा दिसत नव्हता; जे दिसत होते तेवढेच सुधारले. २००६ पासून दर बांधून देऊन रुग्णाला निवड दिली, तेव्हा स्पर्धेच्या भागांत मृत्यू अधिक वेगाने घटले, असे काही संशोधकांनी दाखविले. त्यावर वाद आहे, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दर बांधलेले आहेत. २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांवर दरपत्रक लावण्याचे बंधन आले. ते वाचावयास मागण्याचा संकोच आपण का करावा? परंतु त्या फलकावर गुण कोठे आहे? गेल्या वर्षी ही शस्त्रक्रिया किती जणांवर झाली, किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती दगावले, हे त्याशेजारी लिहावयास हवे.

यात एक धोका आहे. अत्यवस्थ रुग्ण जो परत पाठवीत नाही, त्याच्याच फलकावर मृत्यू अधिक दिसतील. आणि असे रुग्ण शेवटी आपल्या सरकारी रुग्णालयाच्याच दारात येतात. तेव्हा आकड्याबरोबर रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, याचीही नोंद लागेल.