शाळा एकट्या गुरुजींची नव्हे

(हेदवी येथे पालक-शिक्षकांसमोर केलेले भाषण)



दशभुज गणेशाच्या दर्शनासाठी हेदवीत अनेकदा आलो. शाळेविषयी बोलण्यास प्रथमच उभा आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ साली मागवले. कोकणातील वाड्यांना हा प्रश्न परका नाही.

साताऱ्याचे कुमठे बीट आठवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावाद रुजवला. फरशीवर अंक-अक्षरे रंगवली. खडे, काड्या, मणी हेच साहित्य झाले. मुले गटात बसून एकमेकांना शिकवू लागली. ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामागे हा अनुभव होता.

दोन शिक्षकांकडे चार इयत्ता, ही आपण अडचणच मानतो. मला तसे वाटत नाही. चौथीतला मुलगा दुसरीतल्याला वजाबाकी समजावतो, तेव्हा ती त्यालाच पक्की कळते. मात्र त्याकरिता गुरुजींना मोकळीक हवी आणि घरची साथ हवी. वर्गणी आपण देतो, वेळ देत नाही. आजीने चिंचोके मोजून घेतले, तरी पुष्कळ झाले.

तेव्हा येत्या शनिवारी कोणत्या वाडीतून कोण शाळेत येणार, ते आताच सांगा.