खारट घामाची नोंद



आज पदवी घेऊन तुमच्यातले काहीजण डॉक्टर झाले, काहीजण वैद्यकीय उपकरणांचे अभियंते. दोघांनाही उद्देशून मी आज एकाच आजाराबद्दल बोलणार आहे: सिस्टिक फायब्रोसिस. जन्मतःच एक जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे फुप्फुसांतला कफ आणि स्वादुपिंडातला स्राव इतका घट्ट होतो की मुलाला श्वास पुरत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी शवविच्छेदनांवरून हा वेगळा आजार म्हणून मांडला. तेव्हा यातली बहुतेक मुलं शाळेच्या वयापर्यंतही पोचत नसत.

१९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हानं कोसळलेल्या मुलांमध्ये याच आजाराची मुलं वारंवार दिसत होती. इतरांनी ते उन्हावर ढकललं असतं. पॉल दि सांत आग्नेसे यांनी मात्र त्याचा पाठपुरावा केला आणि १९५३ साली दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं. निदानाची खूण सापडली, पण बाळाला घाम आणायचा कसा? प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवत, आणि त्यात ताप चढून जिवावर बेतण्याचा धोका असे. १९५९ साली गिब्सन आणि कुक यांनी पायलोकार्पिन हे औषध सौम्य वीजप्रवाहानं हाताच्या त्वचेत सोडलं. तेवढ्याच जागी घाम आला, तो टिपला, क्लोराइड मोजलं. प्रतिलिटर ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं, तर आजाराची दाट शक्यता. निदानासाठी आजही जगभर हीच चाचणी वापरतात.

१९६०च्या सुमारास क्लीव्हलंडचे लेरॉय मॅथ्यूज सांगत होते की आपल्या केंद्रातले मृत्यू वर्षाला दोन टक्क्यांहून कमी आहेत. कुणाचा विश्वास बसेना. मग मिनेसोटाच्या वॉरन वॉर्विक यांनी अमेरिकेतल्या ३१ केंद्रांतल्या रुग्णांची माहिती गोळा केली, आणि मॅथ्यूज खरं बोलत होते हे सिद्ध झालं. केंद्राकेंद्रांची तुलना सुरू झाली, मागे पडलेल्यांनी मॅथ्यूज यांची पद्धत उचलली आणि देशभर मुलांचं आयुष्य वाढू लागलं. शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गावंडे यांनी हा प्रसंग लिहिला आहे. नवं औषध आलं नव्हतं. आकडे प्रामाणिकपणे एकमेकांशेजारी ठेवले गेले, एवढंच घडलं होतं. मला ही या साऱ्या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

वॉर्विक यांनी पुढे छाती थरथरवून कफ सुटा करणारं जाकीट विकसित केलं. तोवर आईवडिलांना रोज मुलाची पाठ आणि छाती थोपटावी लागे. जाकिटामुळे तरुण रुग्ण एकटे राहू लागले, परगावी शिकायला जाऊ लागले. आणि तरीही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या वर्षभराच्या चाचणीत, श्वास सोडताना थोडा अडथळा देणाऱ्या साध्या मास्कनं या महागड्या जाकिटाला मागं टाकलं. मास्क वापरणाऱ्यांचं दुखणं कमी वेळा उसळलं. अभियंत्यांनो, तुमच्या यंत्राच्या वाट्याला असा निकाल आला, तर तो दाबू नका. तो छापून येईल हे बघा.

आपल्याकडे हा आजार नाहीच, असा समज फार काळ होता. न वाढणाऱ्या, सतत खोकणाऱ्या मुलाला कुपोषण, दमा किंवा टीबी म्हणून औषधं चालू राहतात आणि चाचणी होतच नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशी बनावटीची, स्वस्तातली घामाची चाचणी उभी केली आणि २००२ साली ती प्रसिद्ध केली. काम होण्यासारखं आहे, याचा हा पुरावा. पण अडचणी खऱ्या आहेत. लहान बाळाला पुरेसा घाम येत नाही. टिपलेला घाम थोडा जरी सुकला, तरी मिठाचा आकडा फुगतो आणि निरोगी बाळावर आजाराचा शिक्का बसतो.

२०१९ साली अमेरिकेत तीन औषधांची एकत्रित गोळी मंजूर झाली आणि तिनं तिथलं चित्र पालटलं. तेव्हा तिची किंमत तिथेही वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास होती. शिवाय तिच्या मुख्य चाचण्या ज्या जनुकदोषावर झाल्या, तो भारतीय मुलांमध्ये युरोपच्या मानानं कमी आढळतो. आपल्या मुलांची नोंद आपणच ठेवली नाही, तर कुठलं औषध त्यांना लागू पडेल हे दुसरं कुणी येऊन सांगणार नाही.

डॉक्टरांनो, वारंवार न्यूमोनिया होणारं, भरपूर खाऊनही वजन न धरणारं, उन्हाळ्यात अंगातलं मीठ घटून गळून जाणारं मूल समोर आलं की घामाची चाचणी लिहून द्या. आणि अभियंत्यांनो, ती चाचणी जिल्हा रुग्णालयात होईल असं यंत्र तुम्ही करा.