डॉक्टर रखमाबाई

गावच्या शाळेत सातवी-आठवीतली एखादी मुलगी एकाएकी यायची बंद होते. गुरुजी हजेरी घेताना तिचं नाव पुकारतात. मागून कुणीतरी सांगतं, "तिचं लगीन ठरलं, गुरुजी." मग पटावरून तिचं नाव कमी होतं. अशाच एका मुलीची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं आणि शाळा सुटली. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. माहेरीच राहून पुस्तकं वाचीत राहिल्या.

बायकोनं नांदायला यावं म्हणून १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. अजाण वयात, माझी संमती न घेता लागलेलं लग्न मला मान्य नाही, असं रखमाबाईंचं म्हणणं. १८८५ साली त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीनं पत्रं लिहून बालविवाहानं मुलींच्या शिक्षणाची कशी माती होते, ते मांडलं. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. दादाजींनी अपील केलं. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग भोगा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली!

केवढा गहजब झाला! 'केसरी'तून लोकमान्य टिळकांनी कडक टीका केली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. पुढं १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं. त्या कायद्यामागच्या चळवळीला या खटल्यानं मोठा जोर दिला होता.

सुटका झाल्यावर रखमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी धीर दिला, लोकांनी वर्गणी जमवली, आणि १८८९ साली त्या डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या. परत आल्यावर आधी सुरत आणि मग राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी पस्तीसएक वर्षं सेवा केली. त्या काळी कितीतरी बायका जीव गेला तरी पुरुष डॉक्टरला अंग दाखवीत नसत. त्यांच्या उशाशी बसायला डॉक्टरीणबाईच हवी होती. १९५५ साली, नव्वदी पार करून, रखमाबाई वारल्या.

श्रोतेहो, आज कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोवळ्या वयातलं बाळंतपण म्हणजे आई आणि मूल दोघांच्याही जिवाला घोर. रक्त कमी, अंगाची वाढ अपुरी, बाळ कमी वजनाचं.

म्हणून गुरुजी, बाई, पटावरचं नाव कमी करण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या. आईबापांशी चार शब्द बोला. ऐकलं नाही, तर १०९८ या नंबरावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि आईबापांनो, लेकीलाही एकदा विचारा : "तुझ्या मनात काय आहे, पोरी?" रखमाबाईंना हे कुणी वेळेवर विचारलं असतं, तर त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली असती काय?