पोचला नाही, त्याचीही वारी



आज सेवेला अरणच्या सावता महाराजांचं चरित्र घेतलं आहे. पण आधी आपल्या घरातलं बोलू. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं, सुना, जावई हिंजवडीला नाहीतर खराडीला संगणकावर कामाला आहेत. २०२० साली टाळेबंदी आली आणि ऑफिस घरात आलं. देवघराशेजारी लॅपटॉप! पुढे कंपनीचं बोलावणं आलं. काही परत गेले, काही गावाकडूनच काम करत राहिले. एकाच कामावरच्या माणसांत दोन तट पडले.

ऑफिसातला म्हणतो, "मी रोज ट्रॅफिकमध्ये जीव काढतो, अन् हा घरी लोळून पगार घेतो." घरचा म्हणतो, "हा साहेबाच्या डोळ्यासमोर असतो. कमी करायची यादी निघाली की पहिलं नाव माझं." बघा, दोघं एकमेकांच्या ताटात डोकावतात, आणि पोटातली भीती दोघांची एकच! जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा घराचे हप्ते डोक्यावर असलेल्या कितीजणांची झोप उडाली असेल!

आता चरित्राकडे या. महिपतीबाबांनी संतांची चरित्रं लिहून ठेवली, त्या परंपरेत ही कथा सांगतात. पांडुरंग, ज्ञानोबाराय आणि नामदेवराय कूर्मदासाच्या भेटीला निघाले. वाटेत अरण लागलं. देव पुढे पळाले आणि मळ्यात शिरून म्हणाले, "सावत्या, माझ्यामागे दोन चोर लागलेत, मला लपव!" सावतोबांनी खुरप्यानं आपलं पोट चिरलं आणि देवाला आत ठेवलं. इकडे नामदेवराय रडत हिंडताहेत. रोज देवाजवळ असणारा नामा, त्यालाच देव दिसेना! आणि मळा सोडून पंढरीला न गेलेल्या माळ्याच्या पोटात देव!

आणि चोर कोण होते हो? सोबतीच होते! देवानं ते कौतुकानं म्हटलं. आपण भीतीपोटी खरोखर म्हणतो. नोकरीची धास्ती घेतली की शेजारच्या खुर्चीवरचा चोर दिसायला लागतो.

आता कूर्मदास. हा पैठणचा. हात नाहीत, पाय नाहीत. पोटानं सरपटत पंढरीला निघाला. लऊळपर्यंत आला आणि थांबला. एकादशी तोंडावर, पंढरी दूर. त्यानं काय केलं? जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ निरोप दिला, "देवा, मला काही येववत नाही, आता तूच ये." वारकऱ्यांनी निरोप पोचवला, म्हणून तर देव निघाले होते!

माउली, एक जवळ राहिला, एक मळ्यात राहिला, एक वाटेत राहिला. देवानं तिघांनाही मिठी मारली. हजेरी कुणाची मागितली नाही.

कुणी म्हणेल, "महाराज, कंपनी काय पांडुरंग आहे? ती कशाला भेटायला येईल?" खरं आहे. कंपनी हिशेब बघते, खर्च बघते. म्हणूनच तिच्या यादीवरून माणसाची किंमत करू नका, आपलीही नाही आणि दुसऱ्याचीही नाही. ज्याची नोकरी गेली, तो वाटेत अडकलेला कूर्मदास आहे. त्याची वारी मोडलेली नाही.

मग करायचं काय? अडकलेल्यानं निरोप द्यायला लाजू नये. नोकरी गेली तरी डबा घेऊन रोज घराबाहेर पडणारी माणसं आहेत हो! आधी घरी सांगा. आईला सांगा, बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा. खर्चाचा मेळ दोघांनी मिळून घाला. आणि ज्याची नोकरी टिकली, त्यानं वारकरी व्हावं. काढून टाकलेल्या सोबत्याचा नंबर मुका करून ठेवू नका. चार ठिकाणी त्याचं नाव सांगा. काम घरून करणारा असो की ऑफिसातला, साहेबापुढे त्याच्या कामाचं खरं तेवढं बोला. निरोप पोचवणं हीसुद्धा सेवाच आहे.

सावता महाराजांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. ती पालखी दिसली की एवढं आठवा: जो पोचू शकला नाही, त्याच्याकडे आपणच जायचं असतं.

बोला पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!