मॅकवरची ज्वारी

मंडळी, पत्रिकेवरचा विषय वाचूनही तुम्ही आलात, याचं मला कौतुक वाटतं. मघाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, "मॉड म्हंजे काय रे बाबा?" काका, आपल्याकडचं सायकल कोळपं डोळ्यांपुढं आणा. जुन्या सायकलचं चाक नि हँडल, त्याला खाली पास वेल्ड केलेली. सायकल कंपनीला आपण विचारलं नाही आणि वेल्डरनंही पावती मागितली नाही. कॉम्प्युटरच्या गेममध्ये असंच काही जोडलं, बदललं, की त्याला मॉड म्हणतात.

माझ्या भाच्याला गेममध्ये पीक घालायचं होतं. गेमचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन या माणसानं एकट्यानं काही वर्षं खपून केलेला, 2016 साली आलेला हा शेतीचा खेळ. त्यात फ्लॉवर आहे, बटाटा आहे, मका आहे. ज्वारी नाही! चौसाळ्याच्या पोराला हे कसं पटावं? मुश्कील एवढीच, की त्याच्याकडे व्हिडिओ एडिटिंगसाठी घेतलेला सेकंडहँड मॅकबुक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, होता.

या खेळाचे मॉड चालवायला आधी 'एसमॅपी' नावाचा प्रोग्रॅम बसवावा लागतो. पोरानं तो उतरवला, दोनदा क्लिक केलं. मॅक म्हणाला, ही फाईल सुरक्षित आहे का ते अ‍ॅपलला तपासता आलं नाही. खाली बटणं दोन, एक 'झालं' आणि दुसरं 'कचऱ्यात टाका'. उघडायचं बटणच नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाईलला मॅक एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो, तिचं नावच 'क्वारंटाइन'. 2020 साली बाहेरगावाहून आलेल्यांना आपण शाळेत बसवत होतो, तसंच हे. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की वाट मिळायची. मॅकच्या 2024 च्या 'सिक्वोया' आवृत्तीत तीही बंद झाली. आता सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसी आणि सिक्युरिटीचं पान काढा, खाली सरका, 'तरीही उघडा' म्हणा, पासवर्ड द्या.

चोर आहेत म्हणून कुलूप आहे, हे मला मान्य आहे. नोकरीत मीही अशीच कुलपं बसवतो. पण घर आपलं असेल तर किल्ली आपल्या कनवटीला हवी, दर खेपेला ती शेजाऱ्याकडं मागायला लागू नये.

दुसरी गोष्ट. मॅकवरचा अ‍ॅप दिसतो एका चित्रासारखा, पण असतो फोल्डर. उजवं क्लिक करून आतलं उघडता येतं. पण त्यातल्या फायलींवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. एक फाईल बदलली की सही जुळत नाही. 2020 पासूनच्या एम-वन आणि पुढच्या चिपांवर सहीशिवायचा प्रोग्रॅम चालतच नाही. मग मॉड करणारा टर्मिनल उघडतो आणि आपली आपणच सही ठोकतो. म्हणजे स्वतःच स्वतःला जामीन! गंमत म्हणजे मॅक हा जामीन मान्यही करतो.

भाच्याची रात्र मात्र यात गेली नाही. ती गेली अवतरणचिन्हांत. पिकाची माहिती एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायची असते, त्यात प्रत्येक नाव सरळ अवतरणचिन्हांत. त्यानं मॅकचं टेक्स्टएडिट उघडलं आणि लिहीत गेला. त्या शहाण्यानं सरळ चिन्हं गुपचूप वाकडी, सुंदर, पुस्तकात असतात तशी केली. खेळाला ती कळेनात. रात्री दीडला पोराचा मला फोन, "मामा, सगळं बरोबर आहे, तरी उगवत नाही." मी फाईल मागवली, अक्षर मोठं केलं आणि दिसलं, प्रत्येक चिन्हाला शेपूट.

वाईट याचं वाटतं, की मॅक असा नव्हता. जुन्या मॅकवर अ‍ॅपलचंच 'रेसएडिट' मिळायचं, फुकट. त्यात कुठल्याही प्रोग्रॅमची चित्रं, आवाज, पाट्या बदलता यायच्या. बंजी कंपनीनं मॅकसाठी 'मॅरेथॉन' हा गेम 1994 मध्ये काढला आणि 1996 च्या तिसऱ्या भागाबरोबर नकाशे नि हत्यारं घडवायची दोन अवजारं खेळणाऱ्यांच्याच हाती दिली. नावं काय, तर 'फोर्ज' आणि 'अ‍ॅन्व्हिल'. भट्टी आणि ऐरण! लोहाराचं अख्खं दुकानच दिलं की. त्याच बंजीचा 'हेलो' 1999 मध्ये स्टीव्ह जॉब्जनं मॅकच्या मंचावरून दाखवला आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली.

2019 मध्ये मॅकच्या 'कॅटॅलिना' आवृत्तीनं 32 बिटचे सगळे जुने प्रोग्रॅम बंद केले. गेम गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे मॉडही गेले. विंडोजचे गेम 'वाइन' नावाच्या प्रोग्रॅममधून मॅकवर चालवता येतात, पण बरेच मॉड खेळाच्या शेजारी 'डीइनपुट8' अशा नावाची फाईल ठेवून आत शिरतात. वाइन त्या नावाची स्वतःची फाईल आधी धरतो. तुमची धर, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. विंडोजवाल्या मॉडकाराला हे माहीत असायचं कारणच नाही, त्यानं मॅक कधी हाताळलेला नसतो.

तर ज्वारी. वाढीच्या एका पायरीचं चित्र सोळा ठिपके रुंद, बत्तीस उंच. एवढ्यात कणीस बसवायला पोराला आठवडा लागला. शिवाय मालदांडी ज्वारीला साधारण 120 दिवस लागतात आणि त्या खेळात ऋतू 28 दिवसांचा, म्हणजे अख्खं वर्ष 112 दिवसांचं. वर्षाहून लांब पीक! त्यानं ते बारा दिवसांवर आणलं. हिवाळ्यात तिथं शेतावर बर्फ असतो, त्या बर्फातून आपली शाळू ज्वारी वर आली.

आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, चष्मा लावून पाहिलं. तेवढ्यात कावळा आला आणि एक ताट गेलं. त्या खेळात कावळ्यांवर उपाय एकच, बुजगावणं. आई म्हणाली, "बुजगावण्याला काय भितेत कावळं? माळा कर, गोफण दे." पोरगं गप्प झालं. पीक चित्रावर आणि चार ओळींवर भागलं होतं. गोफण फिरवायची तर सी शार्पमध्ये प्रोग्रॅम लिहावा लागतो. सध्या तो तेच शिकतोय आणि आई रोज संध्याकाळी विचारते, "झाली का गोफण?"